उपासाचं पित्त

आई दर शनिवारी उपाशीपोटी सौसरहून जामसांवलीच्या हनुमानाला पायी जायची. मागच्या हिवाळ्यात मी सोबत असताना ती वाटेत दोनदा बसली.

"पाठीत दुखून राहिलं माह्या, जबडाही ओढल्यासारखा होऊन राहिला," ती म्हणाली.

मी म्हटलं, उपासाचं पित्त असेल. तिलाही ते पटलं. घरी आल्यावर मी तिला लिंबू-सोडा दिला, पाठीला बाम चोळला. मग ती उठली आणि तिने सगळ्यांच्या पोळ्या केल्या.

असे चार शनिवार गेले. दर खेपेला तिला दम जास्त लागायचा, थंडीतही घाम यायचा. छातीत दुखतं का, एवढं मी एकदा विचारलं. ती नाही म्हणाली आणि माझी काळजी तिथेच संपली.

पाचव्या शनिवारी ती देवळाच्या पायरीवर बसली, ती पुन्हा उठली नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बायकांचं हृदय बिघडलं तरी बरेचदा छातीत दुखत नाही. पाठ, जबडा, थकवा, धाप, अशातूनच ते सांगत असतं. हे कधीपासून होतं, असं त्यांनी विचारलं. महिनाभरापासून, हे मला सांगावं लागलं.

त्याच्या आदल्या वर्षी बाबांच्या छातीत कळ आली होती. संत्र्यांची तोडणी अर्धी टाकून आम्ही त्यांना गाडीत घालून तडक नागपूरला नेलं. तो गॅस निघाला.

आईच्या हृदयाला मात्र मी चार शनिवार लिंबू-सोडा पाजला.