हेलनमावशीची वकिलात

"काय गो बाय, जेवलीस काय?"

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत बेलव्ह्यूला राहायला गेलो, त्या पहिल्याच दुपारी कुंपणापलीकडून हा प्रश्न आला. पाहते तर पांढऱ्या केसांची, ताडमाड उंच अमेरिकन बाई!

ही आमची शेजारीण हेलनमावशी. ती अमेरिकेच्या परदेशातल्या वकिलातींत अधिकारी होती. मुंबईच्या नेमणुकीत ती मराठी शिकली, तीही मासळीबाजारात. मंत्र्यांशीसुद्धा त्याच थाटात बोलायची. "मंत्री हसला की निम्मं काम झालं," म्हणायची. त्या वर्षी पाय मोडलेल्या आईसाठी ती रजेवर आली होती.

त्याच सुमारास मला एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी मिळाली. सांगलीहून आलेल्या सासूबाईंनी साफ सांगितलं, "दोन वर्षांचं पोर परक्यांच्या हाती द्यायचं नाही." मी मावशीकडे जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी ती चहाला आली. माझ्या नोकरीचं नावही न काढता सासूबाईंना म्हणाली, "तुमाला लहानपणी काय व्हायचं होतं?"

सासूबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. "नर्स," त्या म्हणाल्या. "प्रवेशही मिळाला होता. मग लग्न ठरलं."

"माजं पण तसंच," मावशी म्हणाली. "आमच्या वकिलातीत तवा लगीन केलं की बाईनं राजीनामा द्यायचा. दिला. लई रडले. पुढं नियम गेला, तशी नवऱ्याला म्हटलं, मी चालले कामाला!"

दोघी पोट धरून हसल्या. रात्री जेवताना सासूबाई मला म्हणाल्या, "मी आहे तोवर बाळाला मी बघते. पुढचं पुढं बघू. तू ऑफिस जॉइन कर."

"हे कसं जमवलंस?" मी मावशीला विचारलं.

"आपलं मागणं मागून सांगावं गो. आधी समोरच्याचं काय राहून गेलं, ते इचारावं."

मावशीची आई चालू-फिरू लागली आणि मावशीला आफ्रिकेत नेमणूक मिळाली. सासूबाई तोवर बाळाला पाळणाघराची सवय लावून सांगलीला परतल्या होत्या. विमानतळावर मलाच रडू आलं. ती मात्र शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी खुशीत होती.

त्या आठवड्यात सांगलीहून फोन आला. महागडा कॉल, मोजकीच मिनिटं. सासूबाईंनी मुलाची, नातवाची चौकशी नंतर केली. आधी विचारलं, "आमची हेलन नीट पोचली का गं?"