प्रभुभोजन आणि आमचा दादा

चर्चमधले किस्से सांगायला बसलो की उपासनेपेक्षा जास्त वेळ घेतो, असं आमची ही म्हणते. तिचं बरोबर आहे. पण विश्रांतवाडीच्या आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घेण्याच्या विधीची, तयारी पंधरा वर्षं माझ्याकडे होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर, द्राक्षारस, ताटं, सगळं मीच बघायचो. काही ना काही घोळ व्हायचाच. तरी प्रत्येक वेळी निभावलं, याचं मला अजून नवल वाटतं.

*

सगळ्यात मोठा घोळ मीच घातला. पूर्वी आमच्याकडे एकच मोठा प्याला होता. आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, तो रांगेने फिरवायचे आणि सगळे त्यातूनच घोट घ्यायचे. मग आयटीतली तरुण कुटुंबं यायला लागली, हायजीनचा विषय निघाला. छोटे ग्लास आणावेत म्हणून कमिटीत मी हात वर केला आणि एका मताच्या फरकाने ग्लास आले.

माझा थोरला भाऊ, शांतवनदादा, विरोधात होता. "एक प्याला म्हणजे एक मंडळी. हे काय, खोकल्याचं औषध?" म्हणाला.

त्या दिवसापासून तो भाकर घ्यायचा, पण ग्लासांचं ताट समोर आलं की हात मांडीवर. अशी सात वर्षं. आणि ताट घेऊन फिरणारा मी. सख्खा भाऊ दर महिन्याला माझ्या हातचं नाकारायचा आणि मी मुकाट्याने पुढच्या माणसाकडे जायचो. दुपारी परत त्याच्याच घरी मटण खायला. तिथे या विषयावर कुणी चकार शब्द काढायचं नाही. मला ते फार लागायचं.

*

भाकर म्हणजे आमच्याकडे साधा ब्रेड. आमच्या रूथकाकू तो बेकरीतून आणून त्याचे बारीक तुकडे करायच्या. एका शनिवारी बेकरीत टुटीफ्रुटी घातलेला ब्रेडच शिल्लक होता. काकूंनी तो घरी नेला आणि पिनेने एकेक लाल-हिरवा कण टोकरून काढला. मला पत्ता नाही.

रविवारी पाळकसाहेबांनी तुकडा तोंडात टाकला, जरा थांबले, जिभेने दातातलं काहीतरी सोडवलं आणि पुढची प्रार्थना म्हणाले. उपासना संपल्यावर काकू त्यांच्यापुढे रडवेल्या होऊन उभ्या राहिल्या.

"काकू, एक हिरवा राहिला होता," साहेब म्हणाले. "बाकी काम चोख आहे."

काकूंचा जीव भांड्यात पडला. माझाही.

*

आमच्याकडे वाइन नसते. काळे मनुके उकळून रस करायचा आणि बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवायचा. एका रविवारी मला वाघोलीला भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं, म्हणून पहाटेच घाईघाईने बाटली चर्चमध्ये पोचवली, ग्लास भरून ठेवले आणि उपासनेला बसलो.

आमची रीत अशी, की ग्लास मिळाला तरी लगेच प्यायचा नाही. हातात धरून थांबायचं. पाळकसाहेब विचारतात, "सर्वांना मिळालं?" मिळालं असेल तर सगळ्यांनी एकदम प्यायचं. त्यामुळे ते कोकम सरबत आहे हे दीडशे माणसांना एकाच क्षणी कळलं. मीठ-जिऱ्यासकट.

सगळ्यांनी ग्लास रिकामे करून ताटात ठेवले. मी मान खाली घालून बसलो होतो. दारात हात मिळवताना पाळकसाहेब एवढंच म्हणाले, "सुमंतराव, जिरं भाजून घातलं होतं वाटतं."

दादा मात्र आठवडाभर सगळ्यांना सांगत होता, "मी घेत नाही, म्हणून वाचलो."

*

आमच्यातला रोहन आयटी कंपनीत सपोर्टला होता. ऐन वेळी, ग्लास हातात असताना, त्याचा मोबाइल थरथरला. अमेरिकेतलं काहीतरी बंद पडलं होतं. तो ग्लास घेऊनच व्हरांड्यात गेला.

"सर्वांना मिळालं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"मिळालं, पण रोहन बाहेर आहे," कुणीतरी म्हणालं.

"मग थांबू या."

थांबलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. खिडकीतून त्याचं बोलणं आम्हाला स्वच्छ ऐकू येत होतं. "सर, मला आता फोन ठेवावा लागेल. दीडशे लोक हातात ग्लास धरून माझ्यासाठी थांबलेत." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. मग रोहनचा केविलवाणा आवाज, "नाही सर, लग्न नाही माझं."

*

पुढे दादाला हृदयाचा त्रास सुरू झाला आणि बायपास ठरली. बुधवारी ऑपरेशन, त्याआधीचा रविवार प्रभुभोजनाचा. सरळ सांगतो, मी घाबरलो होतो. ऑपरेशनमध्ये काही कमीजास्त झालं तर आमच्या दोघांमधलं हे असंच राहून जाणार, याच विचारात मी ग्लास भरले.

त्या दिवशी नवी माणसं बरीच आली होती. शेवटच्या बाकापाशी, दादा बसायचा तिथे, पोचलो तेव्हा ताटात एकच ग्लास उरला होता. दादा काही घेत नाही, तेव्हा हा आपला, असं मी धरूनच चाललो होतो. तरी सवयीने ताट त्याच्यापुढे केलं आणि वळणार, तोच दादाने ग्लास उचलला.

मी रिकामं ताट धरून तसाच उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवताही येईना.

"तुझा कुठाय?" दादाने विचारलं.

"संपले. असू दे, मी पुढच्या महिन्यात घेईन."

दादाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग अर्धा ग्लास स्वतः प्यायला आणि उरलेला माझ्या हातात दिला. मी उभ्याउभ्याच प्यायलो.

पुढून पाळकसाहेबांचा आवाज आला, "सर्वांना मिळालं?"

दादा बाकाला धरून उठला. "आमचं दोघांचं घेऊन झालं, साहेब," तो म्हणाला. "तुमचं चालू द्या."