तक्ता वाचून दाखवणाऱ्या बाई

डॉ. वत्सलाबाई आगटे यांना मी पहिल्यांदा भेटले ते नोकरीच्या मुलाखतीत. जयपूरच्या सी-स्कीम भागातल्या आमच्या अभ्याससंस्थेत माझा संख्याशास्त्राचा प्रबंध टेबलावर उघडा होता. इतर दोघांनी पद्धतीबद्दल विचारले. बाईंनी एवढेच विचारले, "ही माणसं मोजलीस, काय निघालं ते त्यांना सांगितलंस का?" मी नाही म्हटले. नोकरी मिळाली, पण ते उत्तर बरोबर होते की चूक, हे मला बराच काळ कळले नाही.

बाईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात आदर आणि कृतज्ञता हे शब्द अनेकांच्या लेखांत येतील, आणि ते योग्यच आहेत. माझ्या बाबतीत अचूक शब्द हेवा हा आहे. जे आपल्याला नको असते त्याचा लांबून आदर करता येतो. बाईंकडे जे आहे ते मला हवे आहे.

मी साताऱ्याहून जयपूरला आले तेव्हा एकट्या, बाहेरच्या मुलीला खोली द्यायला घरमालक तयार नव्हते. बाई स्वतः आल्या. आपणही बाहेरच्याच आहोत आणि चाळीस वर्षे झाली, अजून कोणाची तक्रार नाही, असे त्यांनी घरमालकांना सांगितले आणि माझ्या पालक म्हणून कागदावर सही केली. त्या घरात मला चार वर्षे झाली. घरमालक आजही जिन्यात भेटले की मॅडमजींची तब्येत विचारतात. माझी विचारत नाहीत.

बाईंचा विषय राज्याचा अर्थसंकल्प आणि बाहेरून येणारी माणसे. दुसऱ्या राज्यांतून, काही सीमेपलीकडूनही, आलेल्या कुटुंबांमुळे सरकारी तिजोरीवर भार पडतो की तिच्यात भर पडते, हा वाद जुना आहे. एक बाजू शाळा, दवाखाने आणि पाणी यांचा खर्च दाखवते. दुसरी म्हणते, ही माणसे प्रत्येक खरेदीवर कर भरतात आणि ऐन कामाच्या वयात येतात. त्यांना लहानाचे मोठे करण्याचा खर्च दुसऱ्याच राज्याने केलेला असतो. या दोन्ही बाजूंना बाई इतकी वर्षे त्यांना नको असलेले आकडे दाखवत आल्या आहेत, आणि तरी दोघांच्याही घरी त्यांना जेवायचे बोलावणे असते. हे मला जमलेले नाही.

दोन वर्षांपूर्वी या विषयावरचा मुख्य तक्ता मी केला. सिव्हिल लाइन्समध्ये एका वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बंगल्यावर बैठक होती आणि तिथे तो पहिल्यांदाच माझ्या नावाने, मी स्वतः मांडणार होते. निष्कर्ष ठसठशीत होता: भार पडतो. बाईंनी तक्ता तपासून सही केली होती. राहिला होता तो त्यांचा एक नियम. कोणताही तक्ता बाहेर जाण्याआधी, त्यात मोजलेल्या एका तरी घरी जाऊन तो मोठ्याने वाचून दाखवायचा. मला तो वेळेचा अपव्यय वाटत असे.

बैठकीला दोन दिवस असताना आम्ही शास्त्री नगरला सरोजदेवींकडे गेलो. त्या लग्नानंतर बिहारमधून आलेल्या; यजमान फरश्या बसवतात. प्रश्नावली घेऊन मी त्या घरी तीनदा गेले होते. मला पाणी आणि उत्तरे मिळाली होती. बाईंना चहा मिळाला, आणि पुतणीच्या मोडलेल्या लग्नाची पूर्ण हकीकत.

मी वाचायला लागले. सरोजदेवी म्हणाल्या, "बिटिया, धीरे पढ़ो, हम कहीं भागे नहीं जा रहे." मी हळू वाचले. शाळेच्या खर्चाच्या रकान्यापाशी त्यांनी थांबवले आणि थोरल्या मुलीचे विचारले. ती जयपूरला जन्मली, इथेच सरकारी शाळेत शिकली आणि आता एका रुग्णालयात परिचारिका आहे. मी समजावले की मुले शिकत असतात तेव्हा त्यांचा खर्च आईवडिलांच्या घराकडे, म्हणजे बाहेरून आलेल्यांकडे धरला आहे. कमावणाऱ्यांचा कर मात्र जन्मस्थानाप्रमाणे. मुलगी इथली, म्हणून तिचा कर स्थानिकांच्या रकान्यात.

"वाह," सरोजदेवी म्हणाल्या. "स्कूल गई तब हमारी थी, नौकरी लगी तो आपकी हो गई."

बाई हसल्या. "मतलब रकानाच चुकला, ऋचा."

परतताना रिक्षात मी तळटीप सुचवली. निष्कर्ष बदलला तर दोन दिवसांत सगळे पुन्हा करावे लागणार होते, आणि नाही झाले तर माझी पहिली मांडणीच हातची जाणार होती. बाईंनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "तळटीप वाचायला कोण बसलंय? रकाना बदल."

मी बदलला. भार बराच कमी झाला, पण नाहीसा झाला नाही. दोन्ही बाजू थोड्या थोड्या नाराज झाल्या. बैठकीत बाई आधी दोनच मिनिटे बोलल्या. हा तक्ता परवापर्यंत चुकीचा होता, आपण तपासला होता, म्हणून चूक आपली; ती शास्त्री नगरच्या सरोजदेवींनी पकडली, असे त्यांनी सांगितले. मग मी मांडणी केली. सगळे प्रश्न मात्र बाईंनाच विचारले गेले, आणि बहुतेक सरोजदेवींबद्दल. शोध सरोजदेवींच्या नावावर गेला, चूक बाईंच्या. एवढ्या मोठेपणात मला उभे राहायला जागाच उरली नव्हती.

नियमाप्रमाणे हा लेख मी गेल्या आठवड्यात बाईंना वाचून दाखवला. हळू वाचला. हेवा त्यांनी तसाच जाऊ दिला. 'मोठेपणा'पाशी त्यांनी हात वर केला.

"ते काढ. मोठेपणा कसला? मी तक्ता तपासला होता आणि मला चूक दिसली नाही. झालं ते सांगितलं."

इतके सहज सांगता कसे येते, असे मी विचारले.

"पंचाहत्तर वर्षं लागली. तुझी किती झाली?"

"एकोणतीस."

"मग घाई कसली?"

शब्द मी काढलेला नाही. दुरुस्ती खाली जोडते. बाईंनी जे केले तो मोठेपणा नव्हता, काटेकोरपणा होता. तो माझ्याकडे आहे असे मी समजत होते. तक्त्यातली चूक मुळात माझी होती, आणि ती माझ्या नावावर इथे पहिल्यांदाच लिहिली जात आहे.

बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. माझ्या पुढच्या तक्त्यांवरही त्यांची सही असो. आणि एखादी चूक सरोजदेवींच्या आधी मला दिसेल, तेव्हा ती वाचून दाखवायला बाई समोर असोत.