धाकटीचं वाक्य

आमच्या घरात टीव्हीवर काय लागणार हे मी ठरवते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दिवसभर ऑफिसात साहेब ठरवतात, घरी मी. जेवणं झाली की मी, मुलींचे पप्पा, थोरली आणि धाकटी असे चौघंही हॉलमध्ये बसून एक मालिका बघतो. त्या वेळात कुणी मोबाईल घेऊन आत जायचं नाही. जुळे सोलापुरातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये अशी घरं आता फारशी उरली नाहीत. बाकीच्यांकडे ज्याचा त्याचा मोबाईल आणि ज्याचं त्याचं हसणं. मला ते पटत नाही. मी एका खोलीच्या घरात वाढले. तिथे एक जण हसला की बाकीच्यांना कारण विचारावं लागत नसे.

थोरलीच्या डिप्लोमासाठी कॉम्प्युटर घेतला तेव्हा तो आपल्या खोलीत ठेवायचा हट्ट तिने धरला होता. मी ऐकलं नाही. हॉलमध्येच ठेवला, टीव्हीच्या शेजारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. ती फुगून बसली आणि नंतर अभ्यासाला लागली. नववीतल्या धाकटीने मात्र एका शब्दाने कुरकुर न करता कॉम्प्युटरचा ताबा घेतला. आधी शाळेचे प्रोजेक्ट, मग चित्रं, मग व्हिडिओ आणि शेवटी गेम. कानाला हेडफोन लावून बसली की हाका मारून माझा घसा सुकायचा.

धाकटी बोलताना अडखळते. अगदी लहानपणापासून. पहिलं अक्षर ओठांवर येतं आणि तिथेच थांबतं, मान किंचित हलते, डोळे मिटतात आणि समोरच्याला वाटतं, आता आपणच काहीतरी करावं. आमच्या घरात तिची कधी कुणी चेष्टा केली नाही, याचा मला अभिमान होता. ती ‘प...’ म्हणाली की पप्पा पाण्याचा तांब्या पुढे करायचे. ‘मला उ...’ म्हणाली की थोरली ‘उद्या लवकर उठव’ म्हणून मोकळी. आम्ही सगळे त्यात तरबेज होतो, आणि मी तर सगळ्यांत जास्त.

एका शनिवारी दुपारी मी भाजी घेऊन आले, किल्लीने दार उघडलं, तर हॉलमधून खणखणीत आवाज. ‘उधर मत जाओ, वो लोग छत पे हैं! मैं बोलूँगी तब निकलना!’ मला वाटलं, थोरलीची कुणी मैत्रीण आली असेल. आत डोकावले तर धाकटी. कुठे अडखळणं नाही, डोळे मिटणं नाही. कुणालातरी चक्क झापत होती. माझी मुलगी कुणालातरी झापते आहे या आनंदात मी भाजीची पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. खरं तर परीक्षा जवळ आली म्हणून त्याच दिवशी गेम बंद करायचं मी ठरवून आले होते.

पण आईचा जीव. ही कुणाशी बोलते ते आधी थोरलीला बघायला लावलं. वर्गातल्याच मुली निघाल्या, आणि एक वडिलांची बदली झाल्यामुळे करमाळ्याला गेलेली. काळजी मिटली आणि माझं डोकं लगेच पुढे धावलं. इथे एवढं बोलता येतं, तर बुद्धविहारात चारचौघांसमोर का येणार नाही?

पावसाळ्यातला वर्षावास चालू होता. त्या तीन महिन्यांत आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, आणि पाळीपाळीने एकेक घर वाचतं. आमच्या घरातून नेहमी थोरली वाचायची. या वेळी मी धाकटीला पुढे केलं. ‘मम्मी, नको,’ थोरली म्हणाली. ‘तू गप्प बस,’ मी म्हणाले.

धाकटी ग्रंथासमोर बसली. पहिली ओळ बरी गेली. दुसरीला ती थांबली, डोळे मिटले. समोरच्या एका बाईने हळूच पुढचा शब्द सांगितला. मग शेजारच्या बाईने त्याच्या पुढचा. दरवर्षी ऐकून ती पानं सगळ्यांनाच पाठ. बघता बघता अख्खी ओळ बायकांनी एका सुरात म्हणायला घेतली, मग अख्खं पान. माझाही आवाज त्यात होता, चांगला मोठा. धाकटी नुसती ओळींवरून बोट फिरवत होती. शेवटी एक मावशी तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, ‘लई गुणाची हाय की पोरगी. किती छान वाचलंस गं!’

स्कूटीवर ती माझ्या मागे बसली, पण मला धरलं नाही. पार्किंगमध्ये उतरल्यावर मी विचारलं, ‘गेममध्ये एवढं बोलतेस, मग आज काय झालं?’

‘तिथं...’

‘तिथं मैत्रिणीच असतात म्हणून...’ मी सुरू केलं. तिने हात वर करून मला थांबवलं. असं तिने कधी केलं नव्हतं. मी थांबले. शब्द यायला वेळ लागला, पण आले.

‘तिथं माझं वाक्य कुणी पुरं करत नाही. मी अडकले की त्या थांबतात. म्हणून मी अडकतच नाही.’

मला भरून आलं, आणि रागही आला. त्या पोरींचा. मी ज्यांना धड बघितलंही नाही, त्यांना जे कळलं ते आम्हाला कळलं नव्हतं. मग भीती वाटली. हे असंच चाललं तर हिचं सगळं बोलणं त्या हेडफोनमध्ये जाईल, आणि आमच्या वाट्याला नुसती मान हलवणारी मुलगी येईल.

रडत बसायचा माझा स्वभाव नाही. घरात पाय ठेवल्या ठेवल्या फर्मान काढलं, आजपासून धाकटीचं वाक्य कुणीही पुरं करायचं नाही. पप्पा ‘बरं’ म्हणाले, पण ते फार अवघड होतं. तांब्याकडे जाणारा हात त्यांना मांडीखाली दाबून ठेवावा लागायचा. तिचा शब्द पुरा होण्याची वाट बघताना माझी तर फोडणी करपायची. आणि धाकटीचा आमच्यावर विश्वासच नव्हता. ती अर्धा शब्द बोलून आमच्याकडे बघायची, आम्ही गप्प राहिलो की बोटाने वस्तू दाखवायची आणि पुन्हा हेडफोन लावायची. आपण होतं तेही घालवलं की काय, असं मला वाटायला लागलं होतं.

एका संध्याकाळी जेवणं झाली होती, मालिका ऐन रंगात होती. धाकटी म्हणाली, ‘मला ही...’ आणि थांबली. पप्पांचं तोंड उघडलं. मी त्यांचा गुडघा दाबला. थोरली छताकडे बघायला लागली. मी टीव्हीचा आवाज बंद केला. मालिकेतली सून उंबऱ्यावर उभी राहून बिनआवाजाची रडत राहिली.

‘मला ही मालिका अजिबात आवडत नाही,’ धाकटी म्हणाली. ‘कधीच आवडली नव्हती.’

पप्पा घाबरून माझ्याकडे बघायला लागले. मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं.

‘मग काय बघायचं?’ मी विचारलं.

ती सांगायला लागली. चौथ्या की पाचव्या शब्दावर अडकली, डोळे मिटले. मला कसलीही घाई नव्हती.