विवराकडे तोंड असलेली गच्ची

मे महिन्यात कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या आमच्या नवव्या मजल्यावर दुपारी खिडकीच्या काचेला हात लागला तरी चटका बसतो. अशाच एका दुपारी मुलीने फोटो पाठवला. लाकडी कठडा, वेताच्या दोन खुर्च्या, पुढे कोबीचे हिरवेगार वाफे आणि त्यांच्यामागे एक डोंगर. डोंगराच्या टोकातून पांढरा धूर तिरका निघत होता. खाली तिने लिहिलं होतं, ‘बाबा, इथे रात्री स्वेटर लागतो. गच्चीचं तोंड थेट विवराकडे आहे. बुक करू?’

मुलगी सुमात्रा बेटावरच्या मेदान शहरात खाद्यतेलाच्या एका कंपनीत आहे. हल्दिया बंदरात उतरणाऱ्या पामतेलाचे कागद तिच्या टेबलावरून जातात. मेदानहून मोटारीने दोन-अडीच तास वर गेलं की डोंगरात एक थंड गाव लागतं. शहरातले लोक शनिवार-रविवार तिथे घालवतात. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांवरच तिथल्या लोकांचं पोट चालतं.

तिने फोनवरही विचारलं. मी तारखा विचारायला लागलो, तेवढ्यात ती म्हणाली, “बाबा, या वेळी रद्द केलंत ना, तर मी परत बोलावणार नाही. खरंच सांगते.”

ती हसत नव्हती. तिचं म्हणणं चूकही नव्हतं. माझी बदली कोलकात्याला झाली तेव्हा ती शाळेत होती, आणि तेव्हापासून मी पुरीची सहल रद्द केली होती, दार्जिलिंगची केली होती, एकदा तर हावडा स्टेशनच्या फलाटावरून सगळ्यांना परत आणलं होतं. दर वेळी माझ्याकडे आकडे होते. वाऱ्याचा वेग, पावसाचे मिलिमीटर, दरडीचा इशारा. पुरीचं वादळ आलं नाही. दार्जिलिंगच्या रस्त्यावर दरड कोसळली, पण ती आमच्या परतीची तारीख उलटून गेल्यावर. घरात हा हिशेब कुणी विसरलेलं नव्हतं.

“कर बुक,” मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “अहो, आता इंटरनेटवर त्या डोंगराचं काही वाचत बसू नका.”

“नाही बसत.”

आठवडाभर मी खरोखर काही वाचलं नाही. क्वालालंपूरमार्गे तिकिटं काढली, पासपोर्टच्या मुदती तपासल्या, गुडघ्याचा पट्टा बॅगेत टाकला. लिफ्टमध्ये शेजारचे बंगाली दादा भेटले. बॅग बघून त्यांनी चौकशी केली आणि डोळे मोठे केले. “ऊपर ठंडा, अंदर आग! दादा, आपको पूरी दुनिया में यही जगह मिली?” वर सल्ला दिला, कानटोपी न्या. डोंगर कुठलाही असो, त्यांचा सल्ला कानटोपीचाच असतो. मी हसलो, पण घरी येऊन लॅपटॉप उघडला.

तिथल्या सरकारी निरीक्षण केंद्राचं एक पान आहे. ज्वालामुखीच्या धोक्याच्या चार पातळ्या. एक म्हणजे शांत, चार म्हणजे पळा. आमच्या डोंगराची पातळी त्याच आठवड्यात एकवरून दोनवर गेली होती. खाली सूचना होती: विवरापासून पाच किलोमीटरच्या त्रिज्येत कुणी थांबू नये.

मी मुलीला फोन केला. तिला आधीच माहीत होतं.

“बाबा, गेस्टहाउस अकरा किलोमीटर लांब आहे. मी मॅपवर बघितली ना. आणि इकडे सगळे बोलतात, दोन म्हणजे नॉर्मलच.”

तिचं मराठी इथल्या शाळेत वाढलेल्या मुलांसारखं आहे, पण आकडा स्पष्ट होता. मीही मॅप उघडला. अकरा किलोमीटर आणि थोडे मीटर. माझं समाधान झालं. आमच्या खात्यात अंतर म्हणजे रस्त्याचं अंतर. तीस वर्षं मी प्रवासभत्त्याची बिलं तशीच भरली आणि तशीच तपासली. गाडी जेवढी धावली तेवढं अंतर.

रात्रीचं जेवण झाल्यावर टेबल पुसताना तो ‘त्रिज्या’ शब्द परत मनात आला. त्रिज्या रस्त्याने मोजत नाहीत. डोंगरातून जे बाहेर पडेल ते वळणं घेत, पुलावरून, बाजारातून फिरून येणार नव्हतं. मी मॅप मोठा केला, पडद्यावर पट्टी ठेवली आणि दिलेल्या प्रमाणाने मोजलं. विवर ते गच्ची, सरळ रेषेत, साडेचार किलोमीटर.

परत मोजलं. मग बायकोला बोलावून तिच्याकडून मोजून घेतलं. तिने पट्टी खाली ठेवली.

“आता काय करणार?”

“सांगावं लागेल.”

“तुम्ही सांगितलंत तर ती समजेल बाबांचं परत सुरू झालं. ऐकणार नाही.” ती खुर्चीत बसली. “दोन वर्षं झाली हो तिला बघून.”

“मग तू सांग.”

“मी काय सांगू? पट्टीने मोजलं म्हणून?”

मधला मार्ग असा ठरला की मेदानला पोचल्यावर समोरासमोर सांगायचं आणि तिथेच दुसरी खोली बघायची. शुक्रवारी आमचं विमान होतं. तेव्हा तो मार्ग शहाणपणाचा वाटला होता.

गुरुवारी दुपारी मी बँकेचं काम उरकून घरी आलो तेव्हा घरच्या ग्रुपवर नवा फोटो आला होता. तीच गच्ची, तीच चौकट. बायको चष्मा लावून तो बोटांनी मोठा करत होती.

“अहो, या कोबीवर पीठ कसलं?”

“औषध मारलं असेल.”

“औषध असं बसत नाही. पानापानावर सारखं बसलंय. खुर्चीवर पण आहे बघा. आणि आधीच्या फोटोत हिरवं होतं.”

मी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. पहिल्यातला कोबी हिरवा होता. दुसऱ्यातला राखाडी, आणि वेताच्या खुर्चीत बसणाऱ्याच्या पाठीची जागा तेवढी स्वच्छ. म्हणजे तिथे आत्ताच कुणीतरी बसून उठलं होतं. गेस्टहाउसच्या मालकाने पाठवलेला फोटो तिने पुढे टाकला असणार, असं मी धरून चाललो होतो.

बायकोने व्हिडिओ कॉल लावला. मुलगी पडद्यावर आली. तिच्यामागे लाकडी कठडा होता.

“तू कुठे आहेस?” आम्ही दोघं एकदमच बोललो.

“सरप्राइज खराब केली तुम्ही!” ती हसली. “सुट्टी घेतली. काल आली वर. बाबा येऊन विचारणार गीझर चालतो का, जिना किती उंच, आईच्या भाजीत कोळंबीची चटणी टाकतात का. म्हटलं एकदाच सगळं बघून ठेवते. गीझर चालतो, बाबा. जिना सोपा आहे. स्वयंपाकाला गॅस पण वेगळा देतो म्हणाले आईला.”

माझ्या प्रश्नांची उत्तरं गोळा करायला ती तिथे गेली होती.

“कोबीवर काय आहे गं?” बायकोने विचारलं.

“धूळ. सकाळपासून थोडी थोडी पडते. इथे होतं असं.”

“मालक कुठेत?”

“ते? ते सकाळीच खाली गेले, बायकोला घेऊन. भाचीचं काहीतरी आहे.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात फोनमधून बारीक आवाज यायला लागला, सुपातून वाळू ओतावी तसा. मुलीने वर पत्र्याकडे बघितलं.

“पाऊस आला वाटतं.”

“फोन फिरव,” बायको म्हणाली. “अंगण दाखव.”

तिने फिरवला. पलीकडे डोंगर दिसत नव्हता. त्याच्या जागी मळकट पांढरं काहीतरी होतं. अंगणात तिची भाड्याची गाडी उभी होती आणि ड्रायव्हर बाटलीतलं पाणी काचेवर ओतत होता. पाणी ओघळलं तिथे चिखल झाला. बाकी अंगण कोरडं होतं.

“बाळा, ओलं कुठाय?” बायको म्हणाली. तिचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. “पाऊस आहे ना, मग ओलं कुठाय?”

मी पुढे होऊन म्हणालो, “साडेचार किलोमीटर आहे. सरळ रेषेत. मी मोजलंय.”

“बाबा, प्लीज...”

“मला नंतर काय वाटेल ते बोल. आत्ता गाडीत बस.”

खालून ड्रायव्हर ओरडला. तिने त्याला काहीतरी विचारलं, त्याने हातानेच रस्ता दाखवला. “तो बोलतो, आत्ता यायचं तर ये, नाहीतर तो एकटा चाललाय,” ती म्हणाली. पडदा हलला, जिना दिसला, तिचे बूट दिसले, मग काहीच दिसेना.

त्यानंतर फोन लागत नव्हता. बाहेर न्यू टाउनच्या रस्त्यावर ऑफिसच्या बसगाड्या रोजच्यासारख्या भरून चालल्या होत्या. बायको फोन हातात धरून देवापाशी बसली होती. मी ते सरकारी पान उघडं ठेवून बसलो. त्यावर अजूनही दोनच लिहिलेलं होतं. कितीही वेळा नव्याने उघडलं तरी दोनच.

अंधार पडल्यावर तिचा मेसेज आला. ‘मेदानला पोचली. डोळे चुरचुरतात.’ आमच्या पट्टीबद्दल त्यात काही नव्हतं.

आम्ही ठरल्याप्रमाणे शुक्रवारी गेलो. दोन दिवस तिच्या फ्लॅटमध्ये काढले, तिघं पंख्याखाली. ती खोकत होती. डोंगर पुढे आठवडाभर राख टाकत राहिला, आमच्या गेस्टहाउसच्या बाजूचा भाग काही काळ बंद ठेवला, मग उघडला. त्या दुपारी तिथे राहिलेल्यांपैकी कुणाला काही झालं नाही. हेही सांगितलं पाहिजे.

दुर्गापूजेच्या सुट्टीत ती कोलकात्याला आली. मंडप बघून परतल्यावर पाय वर घेऊन सोफ्यावर बसली आणि म्हणाली, “बाबा, आमच्या ऑफिसचे लोक दिवाळीनंतर परत वर चाललेत. तीच खोली. मी हो म्हटलं. तुम्ही दोघं पण या ना. त्या वेळी राहूनच गेलं.”

बायको ताटं लावता लावता थांबली. मी म्हणालो, “पातळी किती आहे सध्या?”

“माहीत होतं विचारणार.” तिने फोन काढला, ते पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. “एक. आणि त्रिज्या एक किलोमीटर. मीपण आता सरळ रेषेतच मोजते.”

मी चष्मा लावला. एकच होती. तारीख आजची होती, अंतराचा हिशेबही बरोबर होता. ज्या दुपारी तिच्या डोक्यावरच्या पत्र्यावर वाळू पडत होती, त्या दुपारी या पानावरचा आकडा जराही हलला नव्हता, एवढंच मला आठवत होतं, आणि ते कुठल्याही रकान्यात भरता येण्यासारखं नव्हतं. आयुष्यभर मी या घरात आकड्यांवर बोललो होतो. आज आकडा तिच्या बाजूने होता.

बायको माझ्याकडे बघत उभी होती, मी काहीतरी म्हणावं म्हणून.

“बरोबर आहे,” मी म्हणालो, आणि फोन मुलीला परत दिला.