बदकांसाठी अडवलेलं पाणी

“आज कितने हैं?”

छिंदवाड्याहून ईई साहेबांचा फोन होता. ईई म्हणजे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर, आमच्या डिव्हिजनचे प्रमुख.

“काल होते तेवढेच, साहेब.”

“अरे भाई, नंबर बताओ. ऊपर बताना है.”

मी मनाला येईल तो आकडा सांगितला. साहेबांनी तो लिहून घेतला. पलीकडे पेनचा आवाज ऐकू आल्यासारखं वाटलं. आकडा बदकांचा होता.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी मूळचा पांढुर्ण्याचा. वडिलांचं कापडाचं दुकान होतं, ते सोडून मी सिंचन खात्यात शिरलो आणि सौंसरला सब-इंजिनिअर झालो. माझ्याकडे एक लहानसा तलाव होता. नाल्यावर मातीची पाळ बांधून पाणी अडवलेलं, पाळीच्या पोटात एक गेट, आणि गेटमधून निघालेला कालवा. गेट उघडलं की कालव्याला पाणी, बंद केलं की तलावात पाणी. काम एवढंच. माझ्या आणि ईई साहेबांच्या मधली, एसडीओची जागा रिकामी होती, त्यामुळे ईई साहेबांचा फोन थेट माझ्याच टेबलावर यायचा.

तलावावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी येत. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले मोठे राजहंस, विटकरी रंगाचे चक्रवाक, शेपटीला टोक असलेली बदकं. रात्री ते हरभऱ्याच्या शेतात चरायचे आणि दिवसभर काठाला झोपा काढायचे. गावच्या लोकांना त्यांचं फार कौतुक नव्हतं. सगळ्यांना ते सरसकट बदकंच म्हणत. मीही तेच म्हणत होतो, भोपाळचे मोठे साहेब मधे येईपर्यंत.

मोठे साहेब म्हणजे खात्याचे चीफ इंजिनिअर. त्यांना पक्ष्यांचा शौक. दौऱ्यावर निघाले की वाटेतला एखादा तलाव ते ठेवायचेच. त्या वर्षी त्यांनी आमचा ठेवला. जानेवारी लागता लागता मला हुकूम आला. साहेब येऊन जाईपर्यंत गेट उघडायचं नाही. साहेबांना भरलेला तलाव दिसला पाहिजे. पाळीवर कपडे धुणं बंद, जाळी टाकणं बंद, आणि रोज सकाळी बदकांची स्थिती फोनवर कळवायची.

दुर्बीण ऑफिसात नव्हती. सुरुवातीला चौकीदार सुखदासला घेऊन मी रोज पाळीवर डंपी लेव्हल लावायचो. जमिनीचा चढउतार मोजायचं हे यंत्र, त्याला छोटी दुर्बीण असते. जुन्या बनावटीच्या त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. आम्हा लोकांना त्याची सवय असते. पण सकाळच्या थंडीत पाय वर आणि डोकं खाली करून झोपलेली बदकं मोजायची म्हणजे माणसाला आपल्या शिक्षणाबद्दल शंका यायला लागते. सुखदासनं एकदा डोळा लावून पाहिलं आणि परत कधी लावला नाही.

इथवर चाललं असतं. अडचण संत्र्याची होती.

सौंसरचा संत्रा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. झाडाला बारा महिने पाणी दिलं तर ते नुसतं पानांनी हिरवंगार होतं, फुलत नाही. म्हणून थंडीत त्याचं पाणी तोडतात. त्याला म्हणतात ताण देणं. झाड तहानेनं मलूल होतं, पानं पिवळी पडून गळायला लागतात. नेमक्या त्या वेळी पाणी द्यायचं. मग झाड फुलांनी भरून जातं. तोच आंबिया बहार. पाणी लवकर दिलं तर फूल नाही. उशीर झाला तर फांद्या वाळतात, त्याला सल पडली म्हणतात. दोहोंच्या मधे जे थोडे दिवस असतात, त्यांवर शेतकऱ्याचं वर्ष अवलंबून असतं. जानेवारीत इथल्या विहिरी तळाला जातात, त्यामुळे ताण तोडायचं पहिलं पाणी कालव्याचंच लागायचं.

पहिल्यांदा मोठ्या साहेबांचा दौरा पुढे गेला, तेव्हा धोटे ऑफिसात आले. कालव्याच्या अगदी टेलवर, म्हणजे शेवटच्या टोकाला, त्यांची बाग. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे. हातात संत्र्याची एक फांदी होती. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. पानं आतल्या बाजूला वळली होती.

“पाणी कवा सोडता, साहेब?”

“वरून हुकूम नाही, धोटेभाऊ.”

“झाडं मान टाकून राहिले. आता नाही सोडलं तं सल पडते. मंग काय करा?”

मला त्यांची बाग माहीत होती. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, चांगलं चाललेलं वावर मोडून त्यांनी संत्रा लावला, तेव्हा भावांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. पहिल्या दोन उन्हाळ्यांत त्यांची बायको कौसल्याबाई डोक्यावर गुंडानं, म्हणजे घागरीनं, पाणी नेऊन कलमं जगवत होती. हा त्या बागेचा पहिला बहार होता. यंदा फूल आलं नाही तर भाऊ काय म्हणतील, याचीच धोट्यांना जास्त धास्ती होती, आणि तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

“दोन-तीन दिवसांत साहेब येतील,” मी म्हटलं.

“बदकं पाहाले?”

मी मान हलवली. धोट्यांनी फांदी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, “आमचेही झाडं दाखवजा त्यायले.”

त्याच दुपारी मी बसनं छिंदवाड्याला गेलो. ईई साहेब वाईट माणूस नव्हते. नवीन बदलून आले होते आणि कोणी काही बोलू नये एवढीच त्यांची इच्छा होती.

“गेहूँ आठ दिन रुक सकता है,” ते म्हणाले.

“गहू नाही साहेब, संत्रा.”

त्यांनी तलावाचा मंजूर नकाशा काढला. त्यात आमच्या कालव्याखाली गहू होता, हरभरा होता. संत्रा नव्हता. तलाव मंजूर झाला तेव्हा तिथे बागाच नव्हत्या. म्हणजे कागदावर धोट्यांचं झाड नव्हतं, त्यामुळे त्याला तहानही लागत नव्हती.

“अपने कमांड में संतरा है ही नहीं,” साहेब म्हणाले. कमांड म्हणजे कालव्याच्या पाण्याखालची जमीन. “तुम क्यों टेन्शन लेते हो?”

मी परत आलो. सौंसरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा पार थकून गेलो होतो. अंगाचा शीण नव्हता तो. खरं बोलायला गेलं की समोरचा नकाशा काढतो, त्याचा तो शीण होता.

दौरा दुसऱ्यांदा पुढे गेला. नवीन तारीख कळवू, असा निरोप आला. त्या दिवशी मी टेलपर्यंत चालत गेलो. धोट्यांच्या बागेत पायाखाली पानांचा आवाज होत होता. कौसल्याबाई एका झाडाची डहाळी नखानं खरवडून पाहत होती. आत हिरवं असलं तर जिवंत, तपकिरी असलं तर गेलं. मला पाहून तिनं दुसरी डहाळी खरवडली. मला तिथे उभं राहवेना.

आमच्या खात्यात एक प्रकार असतो, टेस्टिंग. पाण्याची पाळी सुरू होण्याआधी कालव्यात थोडं पाणी सोडून पाहायचं. कुठे फुटतो का, कुठे गळतो का. हे सब-इंजिनिअरच्या अधिकारात येतं, त्याला वरचा हुकूम लागत नाही. एरवी ते दोन-चार तासांत आटोपतं. मी सुखदासला गेट उघडायला लावलं.

“किती वेळ ठेवाचं जी?” त्यानं विचारलं.

“टेलपर्यंत कालवा तपासायचा आहे.”

सुखदास माझ्याकडे पाहून हसला. वरच्या बाजूचे बागवाले पाण्याची वाटच पाहत होते. त्यांचं भागल्याशिवाय पाणी पुढे सरकणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. गेट रात्रंदिवस उघडं राहिलं. तलावाचं पाणी दिसण्याइतकं उतरलं. काठाला काळ्या चिखलाचा पट्टा उघडा पडला. रोज सकाळी फोनवर मी बदकांचा आकडा सांगत होतो. पाण्याचं कोणी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी, शनिवारी, मोठे साहेब न कळवता आले. मागाहून कळलं की बाईसाहेबांचा जामसांवलीच्या मारुतीला नवस होता. दर्शन झालं, वाट तलावावरूनच होती. ईई साहेबांना आदल्या रात्री सुगावा लागला असावा. तेही दुसऱ्या जीपमध्ये मागे होते. पाळीवर चढून त्यांनी चिखल पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“ये क्या है?” ते दबक्या आवाजात म्हणाले.

“टेस्टिंग, साहेब.”

“चार दिन से?”

मोठे साहेब पुढे गेले होते. ग्वाल्हेरकडचे मराठी माणूस, उंच, डोक्यावर लोकरीची टोपी. गळ्यातली दुर्बीण डोळ्याला लावून ते बराच वेळ चिखलाकडे पाहत राहिले. बदकांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. चिखलात लांब पायांचे, लांब चोचींचे पुष्कळ पक्षी चरत होते. ते कधी आले, मला ठाऊकही नव्हतं. माझी मोजणी बदकांचीच होती.

“पाणी कोणी सोडलं?” त्यांनी मागे न वळता विचारलं.

“मी, साहेब.”

“फार उशिरा सोडलंत. मला वाटलं होतं, या दिवसांत काठ चांगला उघडा असेल. चिखल नाही तर हे पक्षी उतरणार कुठे? नुसत्या बदकांसाठी मी इतक्या लांब कशाला येईन?”

मी ईई साहेबांकडे पाहिलं. ते तलावाकडे पाहत होते.

“साहेब, आपला हुकूम होता, पाणी सोडू नये म्हणून,” मी म्हणालो.

“माझा?” आता ते वळले. “मी कशाला असं सांगेन? मी जबलपूरला फोनवर फक्त विचारलं होतं, तलावात पाणी किती आहे?”

एवढंच होतं ते. भोपाळनं विचारलं, पाणी किती आहे. जबलपूरनं, म्हणजे मधल्या ऑफिसनं, छिंदवाड्याला सांगितलं, साहेब पाण्याची चौकशी करत होते, पाणी जरा राहू द्या. छिंदवाड्यानं मला सांगितलं, एक थेंब सोडायचा नाही. दर पायरीवर प्रत्येकानं आपल्या पदरची थोडी भीती त्यात घातली होती. मी सगळ्यात खालच्या पायरीवर, म्हणून माझ्यापर्यंत आला तो पक्का हुकूम होता. मला राग आला, पण कोणावर काढावा हे कळेना. मोठे साहेब तासभर थांबले, चहा घेतला, तलावाची तारीफ केली आणि गेले.

पाणी धोट्यांपर्यंत पोचलं दुसऱ्या दिवशी.

फेब्रुवारीत वरच्या बागा पांढऱ्या झाल्या. वासानं रस्त्यावरून जाणारा माणूस थबकावा, असा बहार होता. धोट्यांच्या बागेत निम्म्या झाडांना फूल आलं. उरलेल्यांना सल पडली होती. नवरा-बायको वाळलेल्या फांद्या कापून बांधावर टाकत होते. ढीग बराच मोठा झाला होता. मी गेलो तेव्हा धोट्यांनी विळा खाली ठेवला आणि मला बसायला पोतं दिलं.

“साहेब, एक विचारू? पाणी कोणाच्या हुकमानं अडवलं होतं?”

“कोणाच्याच नाही, धोटेभाऊ. कोणी अडवा म्हटलंच नव्हतं.”

त्यांना ते समजलं नाही. समजण्यासारखं नव्हतंच.

“मंग अडलं काहून?”

कौसल्याबाईनं कापायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. कमांड, टेस्टिंग, जबलपूर, सगळं मला येत होतं, पण तिला देण्यासारखं त्यात काही नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी तसं म्हणालो. धोटे म्हणाले, “तुम्ही तं सोडलं ना जी,” आणि विळा उचलून परत कामाला लागले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मला नंतर मेमो मिळाला. टेस्टिंगच्या नावाखाली विनापरवानगी पाणी सोडल्याबद्दल. मी उत्तर दिलं, ते कुठेतरी फाईलला लागलं.

पुढच्या वर्षी डिसेंबर उजाडला. बागांना नुकताच ताण बसायला लागला होता. या दिवसांत कालव्याला थेंब गेला, की त्याच्या ओलीनं ताण मोडून अख्ख्या टापूचा बहार बुडाला. आणि छिंदवाड्याहून फोन आला.

“इस बार साहब के आने से पहले तालाब नीचे चाहिए. उन्हें कीचड़ पसंद है. आज ही गेट खोल दो.”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“साहेब, हे मोठ्या साहेबांनी स्वतः सांगितलंय का?”

लाइनवर खरखर.

“ऊपर से आया है.”

“ऊपर से म्हणजे कोणाकडून? नाव सांगा, मी भोपाळला ट्रंक कॉल लावून विचारून घेतो. म्हणजे परत चूक नको.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“रहने दो,” साहेब म्हणाले. “जैसा है, वैसा रहने दो.”

फोन ठेवला. पुढे पंचवीस वर्षं नोकरी केली आणि दर मोठ्या हुकमाला हाच प्रश्न विचारत राहिलो. पहिल्यांदा कोण बोललं? निम्म्या वेळा उत्तर यायचं, राहू द्या. या सवयीमुळे मी वरच्यांना कधी आवडलो नाही, आणि प्रमोशनही सगळ्यांच्या मागून मिळालं. त्या डिसेंबरात मात्र गेट बंद राहिलं, आणि जानेवारीत ताण तोडायच्या दिवशी, कोणाला न विचारता, मी ते स्वतःच्या हातानं उघडलं.