आक्कासाठी बसवलेला एसी

बेळगावातून निघालो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि एप्रिलचं ऊन आत्ताच डोक्यात जात होतं. पण मी ऐटीत होतो. वडिलांनी घेतलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या गाडीला नवाकोरा एसी बसवून घेतला होता. फिटर पंधरा दिवस झुंजला. मोठा रेडिएटर, डॅशबोर्डखाली गार हवेचा खोका, दारांना नवं रबर. पुढची तिकोनी काच वारा आत घेते म्हणून त्यानं ती पक्की बंदच करून टाकली. चढाला एसी बंद ठेवा, एवढं मात्र बजावलं.

हा सगळा खटाटोप आक्कासाठी, माझ्या थोरल्या बहिणीसाठी. ती जोयडा तालुक्यात कुंभारवाड्याला एकटी राहते. बायको गेल्यापासून मीही बेळगावात एकटाच. गेल्या उन्हाळ्यात आक्काला कायमची आणायला गेलो, तर रामनगरपर्यंत येऊन ती उतरली. गाडीत उकडतंय, जीव घाबरा होतोय म्हणाली आणि मिळेल त्या बसनं परत गेली. म्हटलं, ठीक आहे, यंदा उकाड्याचाच बंदोबस्त करतो.

खानापूर, रामनगर मागे पडलं. जगलबेटच्या पुढे रान दाट झालं. ह्या रस्त्याला बस मोजक्याच, त्यामुळे पूर्वी जागोजागी कुणीतरी हात करायचं. आम्ही घ्यायचो. बायको सरकून जागा द्यायची आणि ते उतरेपर्यंत त्यांच्या घरची सगळी चौकशी करायची. ह्या वेळी माणसं उभी दिसली, पण बंद काचांकडे बघून कुणी हात वर केला नाही. मीही थांबलो नाही. खोटं कशाला बोलू, गार हवा बाहेर जाईल म्हणून.

जोयड्याच्या पुढे एका चढाला एसी बंद करायचा विसरलो. बॉनेटमधून वाफ यायला लागली. इंजिन थंड होईपर्यंत तासभर झाडाखाली बसलो. बायको असती तर आधी मला झापलं असतं, मग डबा उघडला असता. डबा आणायचंही मला सुचलं नव्हतं.

कुंभारवाड्याला आक्कानं पेज (मऊ पातळ भात) आणि ठेवणीतली मुडली (इथला एक कंद) वाढली. तिचं गाठोडं बांधून तयार होतं. ते बघून माझा जीव भांड्यात पडला.

गाडीत बसल्याबसल्या तिनं सवयीनं तिकोनी काचेला हात घातला. ती हलेना. खोक्यातून पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं. गाडी गळते काय, म्हणून तिनं विचारलं. ते गारव्याचं पाणी आहे, असं मी अभिमानानं सांगितलं. दुसऱ्याच वळणावर दोन बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. आक्कानं आतून हात हलवला, हाक मारली. त्या कोऱ्या चेहऱ्यानं बघत राहिल्या.

"थांबव," आक्का म्हणाली. "माज्या शेजारणी हाईत त्या. त्यांनी मला वळखलं न्हाई."

मी गाडी बाजूला घेतली. तिनं गाठोडं मांडीवर ओढून घेतलं.

"बाळू, गेल्या वर्षी मला उकडलं न्हवतं रं. तुज्या घरात मी दिसभर कुणाशी बोलू? तुला वाईट वाटंल म्हणून उकाड्याचं सांगितलं."

"मग आज गाठोडं का बांधलंस?"

"तू माज्यासाठी एवढं केलंस. न्हाई कसं म्हणू?"

माझ्याशी बोल की, असं म्हणायचं होतं. पण मी नुसतं वाकून तिच्या बाजूचं दार उघडून दिलं. ती उतरली. शेजारणींना जोयड्याच्या बाजाराला जायचं होतं. त्यांना तिनं आपल्या जागेवर बसवलं आणि गाठोडं काखेत मारून घराकडे चालू लागली.

बायका जोयड्याला उतरल्या. पुढे मी एसी बंद केला, चारी काचा खाली केल्या. तिकोनी काच तेवढी उघडेना. कुणीतरी हात करेल म्हणून गाडी मुद्दाम सावकाश चालवली. जगलबेट गेलं, रामनगर गेलं, खानापूरही गेलं. कुणी हात केला नाही.

फिटर अजून भेटला की विचारतो, आक्का खूश का? एवढा राबला बिचारा, त्याला कशाला वाईट वाटू द्यायचं.

"खूश," मी सांगतो. "लई गार हाय म्हणाली."